निघायच्या आदल्या रात्री

सुट्टी लागली की रहिमतपुरात गल्लोगल्ली ट्रॅव्हलर आणि जीप ठरायला लागतात. कुणी खोपोलीजवळच्या इमॅजिकाला निघतं, कुणी लोणावळ्याच्या वॉटर पार्कला. आधीच्या पिढीतली पोरं मुंबईच्या नातेवाइकांकडे उतरून, होडीने खाडी ओलांडून गोराईच्या एस्सेलवर्ल्डला जायची. ते १९८९ साली सुरू झालं, इमॅजिका २०१३ साली. आणि ज्यांना एवढं लांब जाणं परवडत नाही, त्यांच्यासाठी पौषातल्या औंध आणि पालच्या यात्रा आहेतच. आकाशपाळणा, कोलंबस, ब्रेकडान्स आणि ड्रॅगन तिथेही असतात.

जरूर जा. पोरांना न्या, म्हाताऱ्यांनाही न्या. वर्षभर शेतात, दुकानात, कचेरीत राबणाऱ्या माणसाला एक दिवस मोठ्याने ओरडायला मिळावं.

माझी विनंती एवढीच आहे. निघायच्या आदल्या रात्री, जेवणं झाली की, जाणाऱ्या सगळ्यांनी थोडा वेळ एकत्र बसा. कोण कशात बसणार आणि कोण बसणार नाही, ते घरातच ठरवा.

तिथे गेल्यावर हे ठरत नाही. तिकिटाचे पैसे भरलेले असतात. तासभर रांगेत काढलेला असतो. मेव्हणे, भावजया, चुलत भावंडं सगळी बरोबर असतात. कुणी तरी म्हणतं, "चल की, काय होतंय!" आणि ज्याला नको असतं, तो चारचौघांत नाही म्हणू शकत नाही. मुकाट्याने जाऊन बसतो.

आपल्या घरांत दुखणं लपवायची सवय आहे. वडील रक्तदाबाची गोळी घेतात, पण ते धाकट्या मुलाला ठाऊक नसतं. काकांना मागच्या वर्षी छातीत कळ आली होती, ती त्यांनी पित्तावर ढकललेली असते. आईचं कंबरेचं दुखणं इतकं जुनं झालेलं असतं की ते दुखणं आहे, हे तीच विसरलेली असते. एखाद्या सुनेला नुकते दिवस गेलेले असतात आणि अजून कुणाला सांगितलेलं नसतं.

तर त्या रात्री घरातल्या मोठ्या बाईने पुढाकार घ्यावा. तिने आधी स्वतःचं सांगावं: "मी मोठ्या पाळण्यात बसणार नाही, खाली थांबेन." मोठ्यांनी आधी सांगितलं की लहानांना सांगायला सोपं जातं. मग म्हणावं, "बॅगा, मोबाइल, चपला सांभाळायला माझ्याबरोबर आणखी एक-दोघं लागतील. कोण थांबतंय?" जी सून किंवा जी मुलगी "मी थांबते" म्हणेल, तिला कारण विचारू नका. नवऱ्यानेही विचारू नये, निदान सगळ्यांसमोर तरी नको. हे काम खरोखरच लागतं, म्हणून थांबणाऱ्याला कमीपणाही येत नाही.

वेगाच्या आणि उलट्या-सुलट्या फिरणाऱ्या पाळण्यात कुणी बसू नये, ते स्पष्टच सांगतो. गरोदर बाईने नाही, पहिल्या महिन्यातही नाही. हृदयाचा त्रास असलेल्याने नाही. रक्तदाब आटोक्यात नसेल तर नाही. फिट येत असेल, मानेचा किंवा मणक्याचा त्रास असेल, अलीकडे ऑपरेशन झालं असेल, तर नाही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि दारू प्यायलेल्याने कशातच बसू नये, पाण्यात तर अजिबात उतरू नये.

आता हे एवढं कशासाठी, तेही समजून घ्या. कारण कळलं की माणूस नियम मनापासून पाळतो.

आपल्या गावात आदिलशाही काळातली हत्तीची मोट आहे. मशिदीपुढच्या कारंजासाठी पाणी आधी उंच चढवायचं. मग ते स्वतःच्या वजनाने खाली येऊन कारंजात उसळायचं. बहुतेक रोलर कोस्टर याच तत्त्वावर चालतात. साखळी गाडीला उंचावर ओढून नेते आणि सोडून देते. पुढची सगळी धाव त्या उंचीच्या जोरावर होते. इमॅजिकातला नायट्रो चाळीसेक मीटर उंच जातो आणि ताशी शंभर किलोमीटरच्या वर धावतो. त्याच्या डब्याला पाय टेकायला तळ नसतो, पाय लोंबकळत राहतात.

गाडी वर चढताना खटखट आवाज येतो. त्याला घाबरू नका. साखळी बंद पडली तरी गाडी मागे घसरू नये, म्हणून खाली खुंट्या असतात. त्यांचा तो आवाज. चाकंही रुळाच्या वर, बाजूला आणि खालून अशी तिन्हीकडून धरलेली असतात, म्हणून उलटा झाला तरी डबा रूळ सोडत नाही. गाडी मध्येच थांबली तर बहुतेक वेळा सुरक्षेसाठीच थांबवलेली असते. अशा वेळी जागचं हलायचं नाही. स्वतःहून पकड सोडवून उतरायचा प्रयत्न तर मुळीच करायचा नाही. माणसं येऊन उतरवतात.

डब्याला रूळ धरून ठेवतात. माणसाला डब्यात धरून ठेवते ती फक्त मांडीवरची दांडी किंवा खांद्यावरून येणारी पकड. ती ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेली असते. म्हणून फाटकाशी उंचीची पट्टी लावलेली असते.

त्या पट्टीपाशी आपण भांडतो. "दोन बोटांनी काय फरक पडतोय, सोडा की त्याला." मुलाला टाचा उंच करायला सांगतो. कधी जाड तळाचे बूट घालून आणतो. असं करू नका. बुटाने उंची वाढते, पण मांडी भरत नाही आणि खांदा रुंद होत नाही. दोन बोटं कमी असलेलं पोर त्या पकडीतून खालच्या बाजूने निसटू शकतं. मुलाची उंची घरीच भिंतीशी उभं करून मोजा आणि त्याला आधीच सांगा, "यात तू यंदा नाही, पुढच्या वर्षी." घरी पोर थोडं रडेल. फाटकापाशी नकार मिळाला तर त्याचा अख्खा दिवस जाईल.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी लोकांच्या लक्षात येते. यात्रेतल्या ड्रॅगनमध्ये किंवा कोलंबसात अख्ख्या बाकाला मिळून एकच दांडी असते. ती बाकावरच्या सगळ्यात जाड माणसाच्या पोटाला टेकून थांबते. शेजारी बारीक पोर असेल तर त्याच्या आणि दांडीच्या मध्ये वीतभर जागा राहते. आपण मात्र पोराला भीती वाटू नये म्हणून त्याला मुद्दाम अंगाने भरलेल्या मामाशेजारी बसवतो. तसं करू नका. एका बाकावर सारख्या अंगाची माणसं बसवा. दांडी पोराच्या मांडीला टेकत नसेल तर त्याला उतरवा. पाळणा सुरू व्हायच्या आत उतरवा. चालवणारा कितीही वैतागला तरी चालेल.

बसताना पाठ आणि डोकं मागे टेकलेलं हवं. मोबाइल हातात नको. ओढणी, स्टोल, उपरणं, मोकळे केस काहीही लोंबता कामा नये. गो-कार्टच्या चाकात केस अडकून आपल्या देशात मुलींचे जीव गेले आहेत. केस घट्ट बांधून टोपीत किंवा कपड्याच्या आत घाला. म्हाताऱ्या माणसांनी कवळी काढून डबीत ठेवावी. कानाचं यंत्रही काढावं. चष्म्याला मागून दोरी बांधावी. मंगळसूत्र, पाटल्या, नथ हे सगळं घरीच राहू द्या. हरवलेला दागिना दिवसभराच्या आनंदावर पाणी पाडतो. परतीच्या गाडीत मग त्यावरून भांडणं होतात, ती वेगळीच.

आता पाण्याचं.

आपल्याकडची पोरं विहिरीत पोहायला शिकलेली असतात. पाठीला डबा बांधून, काठावरच्या चुलत्याचा ओरडा खात. हे पोहणं पक्कं असतं, पण त्याबरोबर एक सवय लागते. विहीर खोल असते, म्हणून काठावरून सूर मारायचा, मुटका मारायचा. वॉटर पार्कात पाणी कमरेएवढं असतं, काही ठिकाणी गुडघ्याएवढं. तिथे सूर मारला तर डोकं थेट फरशीवर आपटतं आणि मान मोडते. मानेतली नस गेली की माणूस आयुष्यभर अंथरुणाला खिळतो. ज्या पोरांना आपल्या पोहण्याचा अभिमान आहे, त्यांना हे आदल्या रात्रीच नाव घेऊन सांगा.

घसरगुंडीवर नेहमी पाय पुढे, पाठ टेकलेली, हात छातीवर. पालथं नाही, डोकं पुढे करून नाही, एकमेकांना धरून आगगाडी करून तर कधीच नाही. वरचा माणूस खूण करेपर्यंत निघायचं नाही. खाली पोचल्यावर हसत तिथेच उभं राहायचं नाही. मागून दुसरा येतच असतो, लगेच बाजूला व्हा.

लहान पोराला मांडीवर घेऊन घसरू नका. वाटतं, आपल्या कुशीत ते सुरक्षित आहे. पण त्याचा पाय कडेला अडकतो आणि वरून तुमचं सगळं वजन पुढे रेटतं. पोर एकटं असतं तर अडकून थांबलं असतं. तुमच्या वजनाने पायाचं हाड मोडतं. पोरांसाठी वेगळ्या छोट्या घसरगुंड्या असतात. तिथे त्यांना एकटं सोडा आणि तुम्ही खाली उभे राहा.

रबरी तराफ्यात बसताना कोण कुठे बसेल हे तिथला माणूस सांगेल तसंच करा. जागा बदलू नका. वजन खोटं सांगू नका. अमेरिकेत कॅन्सस सिटीत १६८ फूट उंचीची घसरगुंडी होती, तेव्हा जगातली सगळ्यात उंच. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथला एक तराफा पुढच्या उंचवट्यावर हवेत उडाला आणि पुढे बसलेला दहा वर्षांचा मुलगा जागीच गेला. तो हलका होता, मागे बसलेल्या दोन मोठ्या बायका जड होत्या. दोष त्या घसरगुंडीच्या बनावटीचा होता. ती नंतर पाडली. पण पुढे हलकं आणि मागे जड बसलं की काय होऊ शकतं, हे त्यातून आपल्यालाही कळतं.

लाटांच्या तलावात मात्र मी सगळ्यात जास्त काळजी घ्यायला सांगेन. बुडणारं पोर सिनेमात हात वर करून ओरडतं. खरं पोर ओरडत नाही. तोंडात पाणी गेलेलं असतं, त्यामुळे आवाज फुटत नाही. ते शांतपणे, उभ्या उभ्या खाली जातं. आसपास शंभर माणसं नाचत असतात आणि कुणाला कळत नाही. लाइफगार्ड एक असतो आणि डोकी पाचशे.

म्हणून लहान पोर पाण्यात असेल तर एक मोठं माणूस त्याच्या हाताच्या अंतरावर हवं. हे काम नाव घेऊन ठरवा. "सगळे आहेत की लक्ष द्यायला" म्हटलं की कुणीच लक्ष देत नाही. अर्धा तास तू, पुढचा अर्धा तास मी, अशी पाळी लावा. पाळी असलेल्याने मोबाइल बॅगेत ठेवायचा. लाइफ जॅकेट मिळत असेल तर घाला आणि त्याचे बंद खालपर्यंत बांधा. हवेच्या ट्यूबवर भरवसा ठेवू नका, ती उलटते.

कपड्यांबद्दल आपल्या बायका संकोचतात, ते मी समजू शकतो. साडी, सुती ड्रेस, जीन्स, ओढणी यांना बहुतेक वॉटर पार्कात पाण्यात मनाई असते. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, पायात गुंततं, घसरगुंडीच्या सांध्यात अडकतं. पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे नायलॉनचे पोशाख मिळतात. साताऱ्यात आधीच घेतले तर तिथलं भाडं आणि अनामत वाचते. घरी एकदा घालून बघा. तिथे पहिल्यांदा घालून बायका दिवसभर काठावर बसून राहतात आणि पैसे पाण्यात जातात.

कुणाला जुलाब होत असतील, अंगावर उघडी जखम असेल, तर त्याने पाण्यात उतरू नये. पोटाचे काही जंतू क्लोरीनच्या पाण्यातही बरेच दिवस जगतात. पोरांना ते पाणी गिळू देऊ नका आणि तासातासाने स्वच्छतागृहात न्या. दिवसभर पाण्यात असलं तरी शरीरातलं पाणी उन्हाने कमी होतंच, प्यायचं पाणी देत राहा. मोठ्या पाळण्याच्या आधी भरपेट मिसळ नको. थोडं खा, दीड-दोन तास जाऊ द्या, मग बसा.

पोर हरवलं तर? त्याच्या दंडावर पेनाने तुमचा मोबाइल नंबर लिहा. पाण्याने पुसट झाला की परत लिहा. फाटकातून आत शिरताना त्याचा त्या दिवशीच्या कपड्यांत एक फोटो काढा. कुठे भेटायचं ती जागा पोराला बोट दाखवून सांगा.

यात्रेतल्या पाळण्यांबद्दल वेगळं बोललं पाहिजे. मोठ्या पार्कातलं यंत्र जागेवर रोवलेलं असतं. यात्रेतला पाळणा दर काही दिवसांनी सुटा होतो, ट्रकवर चढतो, पुढच्या गावी पुन्हा जोडला जातो. पण एका जागी रोवलेलंही तुटतं. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादला कांकरिया तलावाजवळचा झुलता पाळणा मधूनच मोडून खाली आला. दोघांचा जीव गेला, पंचवीसहून जास्त माणसं जखमी झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या मेळ्यात उंच नेऊन खाली सोडणारा पाळणा माणसांसकट जमिनीवर आदळला.

लोखंड आतून कुजलंय की नाही हे तुम्हाला-मला दिसत नाही. माणसं मात्र दिसतात. तिकीट काढायच्या आधी दोन फेऱ्या बाजूला उभं राहून बघा. चालवणारा प्रत्येक दांडी स्वतः हाताने ओढून बघतो का? की एकाची बघतो आणि बाकीच्यांना हात करतो? आकाशपाळणा भरताना समोरासमोरचे डबे भरून वजन सारखं करतो का? कुणी आतून "थांबवा" म्हणून ओरडलं तर थांबवतो का? तो शुद्धीत आहे ना? पायांखाली लाकडाचे ठोकळे ढिगाने रचलेत का आणि पाळणा फिरताना ते हलतात का? ओल्या जमिनीवरून जनरेटरच्या वायरी उघड्या गेल्यात का? पाऊस पडत असेल, वारा सुटला असेल, तरी चालूच आहे का? यातलं एक जरी खटकलं तरी पोरांना दुसरीकडे न्या. गुऱ्हाळाचा रस प्या, खेळणी घ्या.

आणि यात्रा कमिटीत, नगरपालिकेत, ग्रामपंचायतीत तुमच्या ओळखीचं कुणी असेलच. त्याला विचारा की पाळणेवाल्याने परवान्याबरोबर यंत्राच्या आणि विजेच्या तपासणीचे कागद दिलेत का. जागेचं भाडं घेताना हे कागद बघितलेच पाहिजेत. गावातल्या चार-पाच घरांनी विचारलं तरी पुढच्या वर्षी कमिटी आपणहून मागते. रुग्णवाहिकेला आत यायला मोकळी वाट ठेवली आहे का, हेही विचारा. मांढरदेवीच्या यात्रेत २००५ च्या जानेवारीत चेंगराचेंगरी होऊन काय झालं, ते आपल्या जिल्ह्याला सांगायला नको.

शाळेच्या सहलीला मुलांना पाठवताना मुलाचं दुखणं, चालू औषध, पोहता येतं की नाही, हे शिक्षकांना कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं पन्नास मुलांच्या गडबडीत राहून जातं.

उरला रस्ता. माझ्या मते दिवसभरातली सगळ्यात धोक्याची सवारी हीच. रहिमतपूर ते खोपोली जाऊन-येऊन चारशे किलोमीटरच्या वर होतं. आपण पहाटे तीनला निघतो, दिवसभर हिंडतो आणि रात्री परत फिरतो. सगळी गाडी झोपलेली असते. एकटा ड्रायव्हर खंबाटकी घाट पार करत असतो. तोही पहाटे तीनचाच उठलेला असतो.

शक्य असेल तर पुण्यात कुणाकडे तरी रात्र काढा. नसेल तर ड्रायव्हरला दिवसा पार्कात फिरवू नका, गाडीत नीट झोपू द्या आणि त्याच्या जेवणाचं बघा. परतताना पुढच्या सीटवर जागं राहणारं माणूस बसवा. नऊ जणांच्या गाडीत चौदा कोंबू नका. मागच्यांनीही पट्टे लावा. वाटेत धबधबा दिसला म्हणून पावसाळ्यात गाडी थांबवून पाण्यात उतरू नका. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. वरच्या डोंगरात पाऊस पडला की खाली पाणी काही क्षणांत चढतं.

कुठे काही झालंच तर ११२ किंवा १०८ ला फोन करा. पडलेल्याला उचलून बसवायची घाई करू नका. मान दुखते म्हणत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, तर आहे तसंच पडू द्या आणि डोकं हलणार नाही असं धरा. पाण्यातून काढलेलं पोर शुद्धीवर आलं तरी डॉक्टरांना दाखवा. खोकला थांबत नसेल, श्वास जोरात चालत असेल, तर त्याला घेऊन घरी निघू नका, आधी तिथलाच दवाखाना गाठा.

घरी आल्यावरही काही आठवडे लक्ष ठेवा. पाळण्याच्या झटक्याने क्वचित डोक्यात आतून रक्त साकळतं आणि त्याचा त्रास उशिरा सुरू होतो. डोकं दुखायचं थांबत नसेल, उलट्या होत असतील, एका बाजूचा हात जड वाटत असेल, माणूस गुंगीत असेल, तर उन्हाचं आहे म्हणून अंगावर काढू नका. दवाखान्यात जा आणि रोलर कोस्टरमध्ये बसलो होतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.